तर

दाभोळच्या धक्क्यावर, तिकिटाच्या खिडकीत
एक जुना डेस्कटॉप आहे. त्याच्या पोटात मीठ गेलंय.
रुकय्या चौगुले सकाळी साडेसहाला तो चालू करते
आणि कोपऱ्यातल्या माझ्या चिन्हाकडे बघते,
जसं पलीकडे धोपाव्याकडे बघावं:
निघाली का?

चिन्ह मी काढलंय. नखाएवढं.
त्याच्यामागे एकवीस हजार ओळी,
त्यातल्या निम्म्या माझ्या नव्हेत.

काम सांगायला सोपं आहे.
यंत्राला बाहेर जायच्या वाटा तीन:
खांबावरून आलेली तार, फणसाची फांदी पडेपर्यंत,
रुकय्याच्या फोनमधून उसनं घेतलेलं नेट,
आणि एक डोंगल, जो खिडकीच्या गजाला टांगला
तरच बोलतो.
कुठली आधी, कुठली मग,
एक सुटली की दुसरी कधी धरायची,
आणि तिकीट अर्ध्यात असताना धरायची का,
एवढंच ठरवणारा प्रोग्राम.
नाव ठेवलं तर.
खाडी ओलांडते ती तर,
आणि जरच्या मागून येतो तो.

जोडणी सुरू होते कुकाऱ्यानं.
एकाला नाही, ऐकू जाईल त्या सगळ्यांना:
मी इथं आहे, मला पत्ता द्या.
जुनी माणसं याच काठावर
तळवे तोंडाशी धरून असाच घालायची,
पलीकडचा तांडेल जागा होईपर्यंत.
उत्तर नाही आलं तर एक सेकंद थांब,
मग दोन, मग चार, मग आठ.
कितीव्या हाकेनंतर गप्प बसायचं
हे मी अजून लिहिलेलं नाही.
ती जागा रिकामी आहे, वर शेरा: नंतर बघू.
तीन वर्षं झाली.

सगळ्यात जड गेली एक ओळ.
तार घट्ट, राउटरचा दिवा हिरवा, पत्तासुद्धा मिळालेला,
आणि तरी पलीकडे काही म्हणजे काही पोचत नाही,
याला म्हणायचं काय?
मी लिहिलं होतं: मर्यादित संपर्क.
रुकय्यानं वाचलं. "म्हणजे काय रे मेल्या?
ओहोटीला बोट लागते, दोर बांधतात,
पण फळी टेकत नाही.
माणसं आत, गाड्या आत, कोंबड्यांची टोपली आत,
उतरत कुणीच नाही. तसं?"

तसंच.
त्या रात्री मी तेवढेच शब्द चढवले:
फळी टेकली नाही.

दहा दिवसांनी एस्टोनियातल्या एका बेटावरून
आंद्रुस नावाच्या माणसानं दुरुस्ती पाठवली.
यंत्र झोपेतून उठलं की दोनदा हाक मारायचं
आणि स्वतःच्याच हाकेला ओ द्यायचं;
माझ्या दोन महिन्यांच्या डोकेफोडीला
त्याच्या सहा ओळी.
खाली विचारलं होतं, फळी कसली?
मी खाडी सांगितली, चंद्र सांगितला, चिखल सांगितला.
तो म्हणाला, आमच्या समुद्राला ओहोटी जवळजवळ नसतेच.
आमच्याकडे हिवाळ्यात बर्फावरून रस्ता जातो,
कधी माणसाला पेलतो, कधी नाही.
त्याच्या भाषेत ती ओळ आता अशी आहे:
बर्फ धरला नाही.

"त्याला किती देतोस?" रुकय्यानं विचारलं.
काही नाही.
"आणि तो तुला?"
काही नाही.
"मग दोघं मिळून करता तरी काय?"
मी तोंड उघडलं, तेवढ्यात धोपाव्याची तर लागली,
दोन डंपर, एक वरात, सुट्ट्या पैशांवरून भांडण,

आणि नेट गेलं.
तार गेली, फोन गेला, गजावरचा डोंगल
वाऱ्यानं नुसता हलत राहिला.
रुकय्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
खणातून पावतीपुस्तक काढलं, कार्बन सरळ केला,
पेन झटकलं.
कोपऱ्यात नखाएवढं चिन्ह
सोळा सेकंद थांबलं,
मग बत्तीस.